तुझ्या बाप्तिस्म्याची नोंद

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण पहिली दोन पानं फाडून टाकली. फोन करून दोन शब्दांत मोकळा झालो असतो, पण ते तुझ्या प्रश्नाला शोभलं नसतं. तू लिहिलंस, "तीन महिन्यांचा होतो तेव्हा डोक्यावर पाणी घातलं, ते मला आठवतही नाही. दृढीकरण, म्हणजे तो विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा विधी, झालं ते वर्गातल्या सगळ्या पोरांचं झालं म्हणून. पन्नाशी उलटली, राग तोच, खोटेपणा तोच. इथल्या फेलोशिपमधले, प्रार्थनामंडळीतले बंधू म्हणतात, तो बाप्तिस्माच नव्हता, नदीत उतर आणि नव्यानं घे. घेऊ का?"

आधी हे सांगतो की त्या बंधूंविषयी माझ्याकडून वावगा शब्द निघणार नाही. वहिनी दवाखान्यात होत्या तेव्हा रात्र रात्र तेच बाकावर बसून होते. मी इथे होतो आणि फक्त फोन करत होतो. शिवाय शब्दाच्या बाबतीत त्यांचं बरोबरच आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं असाच आहे. प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिताना बाप्तिस्म्याला सरळ मूठमाती म्हटलंय. ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालायला उठलो, असं. माणूस पाण्याखाली जातो आणि वर येतो तेव्हा ते डोळ्यांना दिसतं, ओंजळभर पाण्यात तेवढं दिसत नाही, हे मी कबूल करतो. पण पहिल्या पिढ्यांतही पाण्याच्या मापावर कुणी अडून बसलेलं दिसत नाही. 'बारा प्रेषितांची शिकवण' म्हणून जो फार जुना, छोटासा ग्रंथ आहे, त्यात सांगितलंय की वाहत्या पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून फार बरं वाटलं होतं. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली एकत्र आलं तेव्हा त्यात फक्त जाणत्याचाच बाप्तिस्मा मानणारे बाप्टिस्टही होते, म्हणून लेकराचा आणि जाणत्याचा, दोन्ही बाप्तिस्मे आपल्यात मान्य आहेत.

तेव्हा पाणी किती हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. तुझा खरा प्रश्न वेगळा आहे. पाणी पडलं तरी मी बदललो का नाही, हे तू विचारतो आहेस.

ते बंधू तुला बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांतला एकोणिसावा अध्याय दाखवत असतील. इफिसातल्या बारा-एक शिष्यांना पौलानं पुन्हा बाप्तिस्मा दिला, तो. पण त्यांचा आधीचा बाप्तिस्मा योहानाचा, म्हणजे येशूच्या आधी पश्चात्तापाची हाक देणाऱ्या योहानाचा होता, येशूच्या नावाचा झालाच नव्हता. तू आठवा अध्याय काढ. शोमरोनात शिमोन नावाचा जादूगार विश्वास ठेवतो, बाप्तिस्मा घेतो, आणि थोड्याच दिवसांत पैसे पुढे करून पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत मागतो. प्रेषित पेत्र त्याला फार कडक बोलतो. तुझं मन देवापुढे सरळ नाही म्हणतो, पश्चात्ताप कर म्हणतो, प्रार्थना कर म्हणतो. पुन्हा पाण्यात उतर असं मात्र म्हणत नाही. हा उतारा मी कितीदा वाचला असेन, पण यातली ही गोष्ट तुझ्या पत्रामुळे पहिल्यांदा नजरेत भरली. पाण्यात खोट नव्हती, शिमोनात होती, आणि तिच्यावरचा इलाज पाण्याच्या पुढच्या वाटेवर होता.

पंडिता रमाबाईंचं बघ. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांनी आणि त्यांच्या छोट्या लेकीनं, मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. एवढी विदुषी, संस्कृत जिभेवर, कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' म्हणून गौरवलेली. त्यांनी काही भावनेच्या भरात पाणी घेतलं नव्हतं. त्यानंतर अमेरिका झाली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, विधवांसाठी एवढं काम उभं राहिलं. आणि १९०७ साली स्वतःची साक्ष लिहिताना बाई सांगतात की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर आपल्याला उमगलं, ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं, मित्रा! बाहेरून बघणाऱ्याला त्या आठ वर्षांत काय उणं दिसलं असतं? केडगावचं मुक्ती सदन, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं त्यानंतरचं.

लक्ष्मीबाई टिळकांचं नेमकं उलटं झालं. त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या माऊलीवर आभाळ कोसळलं. पुढे नवऱ्याजवळ येऊन राहिल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, पाणीसुद्धा वेगळं. मग एक दिवस मनात आलं की जात देवानं केली की माणसानं? आणि आजपासून कुणाच्याही हातचं खाईन-पिईन, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० साली. म्हणजे त्यांच्या बाबतीत दुसऱ्याच्या हातचं पिण्याचं पाणी आधी आलं आणि बाप्तिस्म्याचं पाणी मागून. मला तर तो घोट हाच अर्धा बाप्तिस्मा वाटतो, पाळकसाहेब याला काय म्हणतील ते म्हणोत.

आता माझं सांगतो. हे आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

आमची विहीर तुला माहीतच आहे. सुट्टीत तू तिच्यात पोहायला शिकलास. पण ती का खणली हे तुला कधी सांगितलं नसेन. पणजोबांनी १८७६-७७ च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतला. गाव म्हणालं, धान्यासाठी बाटले. बाटून तरी काय, गावच्या विहिरीवर आधीही चढू देत नव्हते, नंतरही नाही. बायका घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या आणि कुणाला दया आली तर वरून धार पडायची. पुढे आज्यानं मिशनच्या शाळेत मास्तरकी करून चार एकर जमीन घेतली आणि सगळ्यात आधी विहीर खणली. पाच परस खोल, खाली काळा पाषाण, सुरुंग लावून फोडलेला. पाणी लागलं त्या दिवशी आज्यानं गुडघे टेकून प्रार्थना केली आणि पहिली घागर वाटेवरच्या वाटसरूंसाठी रांजणात ओतली, असं आजी सांगायची.

त्या विहिरीवरून मी आणि दादा नऊ वर्षं बोललो नाही.

वडील गेल्यावर पाळ्या ठरल्या, चार दिवस त्याच्या, चार दिवस माझ्या. एका उन्हाळ्यात लाईट रात्रीची होती आणि दादाची मोटार माझ्या पाळीतही चालू राहिली. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या रात्री मी बॅटरी घेऊन गेलो, त्याच्या स्टार्टरची पेटी उघडली आणि फ्यूज काढून खिशात घातला. चिनी मातीचा पांढरा फ्यूज, एका कडेला टवका उडालेला. दादा त्या आठवड्यात सुनेच्या बाळंतपणासाठी नगरला होता, आणि गड्याला मोटारीतलं काही कळत नव्हतं. सहा दिवस पाणी बसलं नाही. पोसायला आलेला कांदा होता, पात पिवळी पडून माना टाकल्या. मी बांधावरून बघत होतो. मला वाईट वाटलं नाही, हे तुला सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

फ्यूज मी फेकला नाही. बायबलच्याच कपाटात, खिळ्यांच्या डब्यात ठेवला. आणि त्या नऊ वर्षांत मी दर रविवारी उपासनेला जात होतो, शास्त्रपाठ वाचत होतो, दानाची थाळी फिरवत होतो, प्रभुभोजन घेत होतो. तू म्हणतोस तुझ्यात बदल नाही. मला तर बदलाची गरजच वाटत नव्हती.

मग दादाच्या नातवाचा बाप्तिस्मा निघाला. मे महिना, चर्चच्या नळाला पाणी नाही. पुतण्याची बायको घरून कळशी भरून घेऊन आली. पाळकसाहेबांनी ती पितळी कुंडात ओतली आणि ओतताना जो आवाज झाला, तो मला जसाच्या तसा आठवतोय. आमच्या विहिरीचं पाणी. लेकराच्या आईबापांना प्रश्न विचारून झाले, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, मंडळीनंही उभं राहून आपापला करार ताजा करावा. सैतानाचा आणि त्याच्या कर्मांचा त्याग करता का? सगळे म्हणाले, "करतो." माझं तोंड उघडलं नाही. उघडलंच नाही. ओठ हलवून वेळ मारून नेता आली असती, पण तेही जमेना. शेजारचा माणूस वळून बघायला लागला. समोर दादा, हातात नातू, आणि त्याच्या कपाळावरून आज्याच्या विहिरीचं पाणी ओघळतंय.

त्याच संध्याकाळी डब्यातला फ्यूज घेऊन दादाच्या दारात गेलो. तो बाजेवर बसला होता. त्याच्याजवळ फ्यूज ठेवला आणि म्हणालो, "त्या सालचा कांदा मी जाळला." त्यानं तो उचलला, चष्मा वर करून त्या टवक्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटायचं गड्यानं विकला. मी त्याला कामावरून काढलं."

हे मला ठाऊक नव्हतं. गळ्यात पडणं, रडणं, असलं काही झालं नाही. थोरल्या वहिनींनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या गड्याच्या घरी गेलो. तो दोन वर्षांपूर्वीच वारला होता. त्याच्या बायकोपुढे मी हात जोडून उभा राहिलो. ती एवढंच म्हणाली, "आता काय करायचं साहेब."

म्हणून तुझ्या पत्रातल्या "नव्यानं" या शब्दापाशी मी अडखळलो. नदीत उतरून ते नऊ वर्षांचं ओझं एका बुडीत उतरलं असतं, तर मीही उतरलो असतो. पण मला पकडलं ते माझ्याच जुन्या बाप्तिस्म्यानं. जे वचन माझ्या वतीनं आईबापांनी दिलं होतं, तेच चाळीस वर्षांनी माझ्या गळ्यात अडकलं. मला वाटतं पाणी त्या दिवशी वाहायला लागतं आणि आपल्यापर्यंत पोचायला त्याला जितका वेळ लागायचा तितका लागतो. पाटाचं पाणी सोडल्यावर शेवटच्या वाफ्याला यायला रात्र जाते, तसं.

जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनं १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत बाप्तिस्म्याच्या पाण्याचा अर्थ सांगताना लिहिलंय की आपल्यातला जुना आदाम, म्हणजे जुना पापी स्वभाव, रोजच्या पश्चात्तापानं बुडवून मारायचा आणि नवा माणूस रोज उठवायचा. रोज. लहानपणी दृढीकरणाच्या वर्गात आपण असलं किती पाठ केलं असेल, घडाघडा. आता मला त्यातला "रोज" तेवढा पुरतो. कारण अजूनही, मित्रा, रात्री दादाची मोटार सुरू झाली की माझी नजर आधी घड्याळाकडे जाते. एवढं सगळं होऊनही जाते. मग मी उठून बसतो आणि प्रभूचं नाव घेतो.

तेव्हा तू घेऊ का विचारतोस, त्याला माझं उत्तर आहे की घेऊ नकोस. निदान जुना खोटा होता म्हणून तरी घेऊ नकोस. तू म्हणतोस राग तोच आहे. दहा वर्षांपूर्वी तू तो मला लिहून कळवला असतास का? बंधूंना प्रेमानं सांग, त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसत जा, आणि ज्याच्याशी खोटं बोललास त्याच्याकडे एकदा जाऊन ये. कुणाकडे, ते तुला माहीत आहे. मी विचारणार नाही.

आणखी एक. परवा चर्चच्या कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं. वाळवीनं कडा खाल्ल्यात, पण तुझं पान शाबूत आहे. निळी शाई, तुझं नाव, वय तीन महिने, खाली तुझ्या वडिलांची सही आणि शेजारी तुझ्या आईचा अंगठा. जरा जास्तच दाबलाय, शाई कागदाच्या मागच्या बाजूला उतरलीय. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतोय. तुला आठवत नाही म्हणालास, तिला त्या दिवशी तुझ्यासाठी काय काय हवं होतं ते त्या ठशात बघ.

दादाचा गुडघा दुखतोय. त्याची पाळी आज रात्री अकराला संपते, मोटार बंद करायला मीच जाणार आहे. साडेदहा झालेत, म्हणून थांबतो. वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद. मेच्या सुट्टीत या, विहिरीला यंदा पाणी बरं आहे.

तुझाच