इंग्रजीचा 'ट' एकच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात दर आठवड्याला येणारे इंग्रजी उच्चारांचे सदर मी नियमाने वाचतो. गेल्या वेळी त्यात 'often' (वारंवार) या शब्दाचा 'ऑफन' एवढाच उच्चार बरोबर असून 'ऑफ्टन' म्हणणे ही चूक आहे, असे छापून आले. बत्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे यावर लिहिल्यावाचून मला राहवत नाही, कारण नेमक्या याच शब्दावरून माझ्या एका विद्यार्थिनीला नोकरीच्या मुलाखतीत सर्वांसमक्ष टोकण्यात आले आणि ती इतकी बावरली की येत असलेली उत्तरेही तिला देता आली नाहीत. वास्तविक इंग्रजीचे प्रमाण शब्दकोश हे दोन्ही उच्चार देतात आणि इंग्लंड-अमेरिकेतील शिकलेसवरलेले लोकही दोन्ही करतात.

मुळात आपण 'ट' लिहून दाखवतो तो इंग्रजीतला ध्वनी प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. 'टॉप' म्हणताना त्याच्यामागून श्वासाचा झोत येतो, 'स्टॉप' म्हणताना येत नाही. अमेरिकन माणूस 'वॉटर' म्हणतो तेव्हा जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला निसटता स्पर्श करते आणि आपल्याला तिथे 'ड' किंवा 'र' ऐकल्यासारखे वाटते. लंडनच्या अनेक वस्त्यांत हाच 'ट' उच्चारताना जीभ वर टेकतच नाही, आवाज क्षणभर घशात अडतो आणि सुटतो.

श्वासाचा हा झोत मुलांना कळावा म्हणून मी त्यांना ओठांसमोर वहीच्या कागदाची बारीक पट्टी धरायला लावत असे. 'पळ' म्हटले की पट्टी जागची फारशी हलत नाही, 'फळ' म्हटले की फडफडते. मात्र दात ओठाला लागू न देता 'फ' म्हणायला हवा. आपल्या भाषेत एवढ्याशा झोताने अर्थ बदलतो, म्हणून आपण तो काटेकोरपणे पाळतो. इंग्रजीत त्याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे 'पिन'मधला 'प' झोताचा आणि 'स्पिन'मधला बिनझोताचा, हे इंग्रज मुलाच्या सहसा ध्यानातही येत नाही. परंतु आपण 'पिन' बिनझोताने म्हटले, तर इंग्रज कानाला ते 'बिन' वाटण्याचा संभव असतो. अशी जागा शिक्षकाने आवर्जून दाखवायला हवी. 'शिप' आणि 'शीप' यांतला फरक किंवा 'फोटोग्राफ'चा आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या पहिल्या उच्चारखंडावर, आणि 'फोटोग्राफर'चा दुसऱ्यावर असतो, हेही त्याच प्रकारचे. ऐकणाऱ्याची समजूत त्यावर अवलंबून असते. 'ऑफ्टन'मुळे कोणाचाही गैरसमज होत नाही.

एखादा उच्चार प्रतिष्ठित का ठरतो, हे 'र'वरून फार स्पष्ट दिसते. 'कार', 'फोर्थ' यांसारख्या शब्दांतला 'र' इंग्लंडच्या प्रतिष्ठित बोलीत गळतो, स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये टिकतो आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात टिकतो तेव्हा त्याला गावंढळ मानले जाते. न्यूयॉर्कमध्ये नेमके उलट आहे. विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने 1962 साली तिथल्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन, ज्याचे उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असेच येईल अशा वस्तूची चौकशी 264 कर्मचाऱ्यांकडे केली आणि पहिले उत्तर ऐकू न आल्यासारखे दाखवून ते पुन्हा वदवून घेतले. सर्वांत महागड्या दुकानात 62 टक्के लोकांनी दोन्ही उत्तरांत मिळून येणाऱ्या चार 'र'पैकी काही किंवा सगळे उच्चारले, मधल्या दुकानात 51 टक्क्यांनी आणि सर्वांत स्वस्त दुकानात जेमतेम 20 टक्क्यांनी. दुसऱ्यांदा, जपून बोलताना, हे प्रमाण वाढले. म्हणजे 'र' तोच, पण एका देशात तो गाळणे प्रतिष्ठेचे आणि दुसऱ्या देशात तो उच्चारणे! त्यात बरोबर-चूक असे ध्वनीच्या अंगचे काही नाही.

आपल्याला हे अवघड वाटण्याचे कारण नाही. दुनिया या अर्थाचा 'जग' आणि जगण्याची आज्ञा असलेला 'जग' आपण एकाच अक्षराने लिहितो, वेगवेगळे उच्चारतो आणि त्यासाठी कोणाला नियम पाठ करावा लागत नाही. तो ऐकून येतो. इंग्रजीत तर, दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण बोलीच्या प्रचलित वर्णनानुसार, 20 स्वर आणि 24 व्यंजने अवघ्या 26 अक्षरांत बसवलेली आहेत. तो उच्चार देवनागरीच्या एका साच्यात कायमचा बसवणे शक्य नाही, कानानेच तो शिकावा लागतो.

म्हणून दोन विनंत्या करतो. शाळांनी इंग्रजीच्या तासाला लंडन, ग्लासगो, न्यूयॉर्क आणि आपल्याकडच्या उत्तम वक्त्यांची ध्वनिमुद्रणे मुलांना ऐकवावीत आणि एकच वाक्य चौघांच्या तोंडून कसे येते, याची चर्चा करावी. आपल्या सदरात, जिथे शब्दकोश दोन उच्चार देतात तिथे दोन्ही छापावेत आणि अर्थ बिघडवणारी चूक तेवढी चूक म्हणून दाखवावी. 'ऑफन'च्या शेजारी 'ऑफ्टन'ला पुढच्याच अंकात जागा मिळाली, तर माझी ती विद्यार्थिनी कात्रण जपून ठेवील.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा