उजवी बाजू तशीच ठेवल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

असं चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे माहीत आहे. पण दुसरा मार्ग तुम्हीच बंद केलात. मला सापडलेल्या आणि तुम्ही नवी प्रजाती म्हणून जिचं वर्णन लिहिलंत, त्या कोळंबीला तुमचं नाव द्यावं असं मी सुचवलं, तेव्हा तुमचं एका ओळीचं उत्तर आलं: वर्णन लिहिणाऱ्याने स्वतःच्याच नावाने प्रजाती करायची नसते. नियमांत तशी बंदी नाही, फक्त तशी रीत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. माशांचं रक्त पिणाऱ्या एका चिमुकल्या परजीवीला 2012 मध्ये बॉब मार्लीचं नाव मिळालं, गुलाबी नांगीच्या एका कोळंबीला 2017 मध्ये पिंक फ्लॉइडचं. आणि जिने मायक्रोस्कोपला डोळे लावून मान मोडून घेतली, तिचं मात्र चालत नाही! असो. मग हे पत्र तरी सहन करा.

(वाचणाऱ्यांनी प्रजातीचं नाव विचारू नये. निबंध अजून छापून यायचा आहे. वर्णन प्रसिद्ध होण्याआधी नाव बाहेर पडलं तर ते ग्राह्य धरलं जात नाही, नुसता घोळ मात्र मागे उरतो.)

मी काही संशोधक नाही. हौसेने पाण्याखाली उतरणारा, फोटो काढणारा आणि रीतसर परवानगी असलेल्या एका सर्वेक्षणात हातभार लावणारा माणूस. ॲक्रोपोरा प्रवाळाच्या फांद्यांमध्ये ती जोडी दिसली तेव्हा आधी नुसते डोळेच दिसले. बाकी अंग काचेसारखं, त्यातून मागची फांदी आरपार दिसत होती. टॉर्चचा झोत पडला की दोघं फांदीच्या पलीकडे सरकायची, झोत तिकडे नेला की पुन्हा अलीकडे. नखाएवढा जीव, पण नांगीच्या सांध्यावरचा तो पट्टा मी आधी कुठल्याच फोटोत पाहिला नव्हता.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून राग येतो. एका जाणकाराने फोटो उघडून न बघताच ‘ही नेहमीचीच’ असं कळवलं. दुसऱ्या ठिकाणी कुपी ठेवून घेतली, आणि पुढे चौकशी केली तर कुणाच्या कपाटात आहे हेच कुणाला सांगता येईना. एका गृहस्थांनी नमुना पाहण्याआधीच निबंधावर आपलं नाव पहिलं असेल ना, याची खात्री करून घेतली. आणि एका मोठ्या संस्थेत तर माझ्या नमुन्यांपैकी काही इथेनॉलमधून, म्हणजे अल्कोहोलमधून, काढून सरळ फॉर्मेलिनमध्ये टाकले. फॉर्मेलिनने आकार टिकतो, पण डीएनएची पार वाट लागते. त्यातून बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखायला लागणारा डीएनएचा तुकडा, काढणं जवळजवळ अशक्य होऊन बसतं. कुपीवर तशी सूचना लिहिलेली होती. ती वाचायला सही-शिक्का लागत नव्हता.

जगात गोळा झालेल्या नमुन्यांचं असंच होतं, हे मला नंतर कळलं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशेब मांडला होता: नवी प्रजाती पहिल्यांदा गोळा होण्यापासून तिचं वर्णन छापलं जाईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात. तेवढी वर्षं ती बाटलीत बसून असते. म्हणजे माझं काही फार वाईट चाललं नव्हतं म्हणायचं!

तुम्ही पहिल्याच उत्तरात नमुना मागितला नाहीत. जिवंतपणीचा फोटो मागितलात, कारण अल्कोहोलमध्ये गेल्यावर रंग उडून जातात आणि सगळ्या कोळंब्या सारख्याच पांढुरक्या होतात. मग विचारलंत, प्रवाळ कुठला होता, किती खोलीवर, त्याच फांद्यांत आणखी कोण राहत होतं. माझ्याकडे हे सगळं लिहिलेलं होतं. कधीतरी कुणीतरी विचारेल म्हणून लिहिलं होतं, आणि तोवर कुणी विचारलं नव्हतं.

पण मला सांगायचंय ते यापुढचं.

कोळंबीची ओळख पटवायची तर पाठकवचावरचे काटे, डोळ्यांमधून पुढे येणाऱ्या चोचीवरचे वरचे-खालचे दात, शेपटाच्या टोकाचे काटे, पायांच्या शेवटी असलेली नखी, हे सगळं मोजून होतंच. पण पुष्कळदा खरा निकाल लागतो तो जबड्यांवर आणि तोंडाजवळच्या बारीक अवयवांवर, आणि ते बघायचे तर सुटे करावे लागतात. नमुना एकच धड असेल तर हे काम किती जिवावर येत असेल! त्या दिवशी तुम्ही मला लिहिलंत, ‘फक्त डाव्या बाजूचे अवयव काढते आहे. उजवी बाजू तशीच ठेवते. माझं चुकलं असेल, तर पुढच्या माणसाला बघायला काहीतरी हवं.’

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ही तुमच्या क्षेत्रातली जुनी, शिरस्त्याची पद्धत आहे, त्यात विशेष काही नाही, असं तुम्ही नंतर सांगितलंत. सांगा बापडं. तोवर मला जे भेटले होते, त्यांना आपलं चुकू शकतं ही शंकाही शिवली नव्हती, आणि त्यातल्या बहुतेकांनी तर काही पाहिलंही नव्हतं. आयुष्यभर हेच काम केलेली बाई मात्र आपलं म्हणणं खोडून काढणाऱ्यासाठी अर्धा नमुना राखून ठेवते. तो माणूस कदाचित अजून जन्मालाही आला नसेल. त्याची सोय आधीच करून ठेवलेली.

सज्जनपणा म्हटला की आपल्याला गोड बोलणं, वेळेला धावून येणं असलं काहीतरी आठवतं. तुम्ही तर फारसं गोडही बोलत नाही. माझ्या एका फोटोला तुम्ही ‘निरुपयोगी’ म्हणालात, आणि तो होताच. पण आपल्या कामाची तपासणी करणाऱ्याला वाट मोकळी ठेवणं, आणि तेही कुणी मागितलेलं नसताना, हा सज्जनपणा मी फार थोड्या लोकांत पाहिलाय. शिवाय या कामात मिळतं काय? प्रजातीच्या नावापुढे वर्णनकर्त्याचं आडनाव आणि वर्ष लागतं, पण संदर्भांच्या यादीत त्याचा निबंध येतोच असं नाही. संस्थांना हवे असतात गाजणारे निबंध; कोळंबीच्या जबड्यावरचे दात मोजण्याला कुणी निधी देत नाही.

आणि मोजल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही, हे तुम्हीच मला उदाहरणासह पटवलंत. स्पंजच्या पोकळ्यांत कोळंब्या राहतात; सागरी जीवशास्त्रज्ञ एमेट डफी यांनी ते स्पंज फोडून पाहिले, दिसायला सारख्या वाटणाऱ्या प्रजाती वेगळ्या काढल्या, आणि त्यातल्या सिनाल्फियस रीगॅलिसच्या वसाहतीत शेकडो जणांत अंडी घालणारी मादी एकच असते, हे 1996 मध्ये जगासमोर आलं. मधमाश्यांसारखा संसार समुद्रात कुणी पाहिलेला नव्हता. सगळ्यांना ‘नेहमीचीच’ म्हणून एका बाटलीत कोंबलं असतं, तर ती राणी कुणाला दिसली असती?

आता थोडं परीक्षकाबद्दल. निबंध तपासणाऱ्याने शंका काढली की जबड्याची ती ठेवण ही त्या एका जिवातली विकृती कशावरून नाही? मी चिडलो होतो, खरं सांगतो. पुन्हा एक शहाणा भेटला असं वाटलं. तुमचा मेल मात्र असा खुशीत, की जणू कुणी भेट पाठवलीय. ‘चांगला प्रश्न आहे,’ एवढं लिहून तुम्ही कामाला लागलात. उजवी बाजू शाबूत होतीच. न काढता, नुसता कोन बदलत, दोन रात्री बसून तुम्ही ती पाहिलीत, पेन्सिलने रेखाटलीत. ठेवण तीच, दात तेवढेच. शंका मिटली, आणि तुम्ही त्या अनाम परीक्षकाचे आभार निबंधात घातलेत. ते मी वाचलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

नराच्या पोटाखालच्या पायाचं चित्र अजून राहिलंय असं तुम्ही म्हणाला होतात. त्याच जातीच्या प्रवाळात आणखी एक जोडी मिळाली आहे. जिवंतपणीचे फोटो दोन्ही बाजूंनी काढलेत, या वेळी निरुपयोगी नसावेत. कुपीत निव्वळ इथेनॉल आहे, चिठ्ठी पेन्सिलने लिहून आत टाकलीय. सवडीने उघडा.

आपला,
कुपीवर ‘संग्राहक’ म्हणून ज्याचं नाव तुम्ही न विसरता लिहिलंत तो