बाळाचे नवे कपडे आणि दीड हंडा पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात एका वाचकाने असे लिहिले होते की, नवजात बाळाचे नवे कपडे आधी धुवून मगच घालावेत हा आग्रह म्हणजे शहरी चोचले आहेत आणि जिथे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, तिथे अंगाला न लागलेला कपडा धुण्यात पाणी घालवणे मराठवाड्याला परवडणारे नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेले आपण सर्वांनी पाहिले आहे; त्यामुळे पाण्याचा हिशेब मांडणाऱ्याला मी हसणार नाही. तथापि त्या पत्रातील हिशेब अर्धाच होता, आणि शाळेत सारा जन्म विज्ञान शिकवलेल्या व तीन नातवंडांची बारशी केलेल्या बाईला उरलेला अर्धा सांगितल्यावाचून राहवत नाही.

पत्रलेखकाचा मुख्य मुद्दा असा की कापूस ही आपल्याच शेतातली वस्तू आहे, मग त्याच्या कपड्याची भीती कशाला? कापूस आपला आहे हे खरे. ‘नांदेड 44’ हे वाण तर आपल्याच भागातल्या संशोधन केंद्राने दिलेले. परंतु परभणी किंवा जालन्याच्या शेतातून निघालेला कापूस आणि तिरुपूरहून होजिअरीचे झबले होऊन परत आलेला कापूस यांच्यामध्ये बरेच काही घडलेले असते. मागावर विणायच्या कापडात ताण्याचे, म्हणजे उभे, सूत तुटू नये म्हणून त्याला खळ दिली जाते. होजिअरीच्या सुताला खळ नसली तरी मेण आणि यंत्राचे तेल लागते. पुढे ते कापड कॉस्टिक सोड्यात उकळतात, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करतात, रंगवतात आणि शेवटी हाताला मऊ लागावे म्हणून त्यावर आणखी एक लेप देतात. यातले पुष्कळसे कारखान्यातच धुतले जाते, पण सगळे जात नाही. धाग्याला न चिकटलेला रंग तसाच राहतो, आणि लाल किंवा गडद निळ्या झबल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहिले तर तो कोणालाही दिसतो. त्यानंतर तो कपडा गाठोड्यात, गोदामात, मालमोटारीत आणि मग आठवडी बाजारात उघड्यावर किती हातांतून जातो, हे मी वेगळे सांगायला नको.

आता ज्या नावाने व्हॉट्सॲपवर घबराट पसरवली जाते, त्या फॉर्माल्डिहाइडविषयी. कापडावर सुरकुत्या पडू नयेत यासाठी जी राळ वापरली जाते तिच्यात हे द्रव्य असते, आणि त्याने त्वचेला खाज व पुरळ येऊ शकते हे डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. जपानने 1973 साली घरगुती वापराच्या वस्तूंसाठी कायदा केला. त्याखाली 24 महिन्यांखालील बाळांच्या कपड्यांत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे 16 भागांपर्यंतच चालते, तर मोठ्यांच्या आतल्या कपड्यांना 75 भागांपर्यंत मुभा आहे. मोठ्यांसाठी एक मोजमाप आणि बाळासाठी त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, हा फरक उगाच ठेवलेला नाही. बाळाच्या कातडीचा वरचा थर मोठ्यांच्या मानाने पातळ असतो, आणि वजनाच्या तुलनेत कातडीचे क्षेत्रफळ बरेच जास्त असते. त्यामुळे कपड्यातून अंगात उतरणाऱ्या द्रव्याचा वाटा बाळाच्या बाबतीत मोठा ठरतो.

मात्र भीतीलाही माप असावे. 2010 मध्ये अमेरिकेच्या शासकीय लेखापरीक्षण यंत्रणेने कपडे व चादरींचे 180 नग तपासून घेतले, तेव्हा 75 भागांची मर्यादा ओलांडणारे 10 नग निघाले, आणि त्यांतले बरेचसे ‘सुरकुती न पडणारे’ म्हणून विकले जाणारे होते. म्हणजे साधे सुती झबले हा काही विषाचा पुडा नव्हे. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या द्रव्याला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले, ते मुख्यतः कामाच्या ठिकाणी श्वासावाटे त्याची वाफ घेणाऱ्या कामगारांच्या अभ्यासावरून. नव्या झबल्याने बाळाला कर्करोग होतो असा त्याचा अर्थ काढणाऱ्यांनी तो निष्कर्ष वाचलेला नसावा. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की हे द्रव्य पाण्यात सहज विरघळते आणि कपड्यावर मोकळे असलेले फॉर्माल्डिहाइड पहिल्याच धुण्यात बरेचसे निघून जाते. राळेत बांधलेले मागाहून घाम आणि उष्णतेने थोडे थोडे सुटत राहते, म्हणून जो कपडा चुरगळला तरी सुरकुतत नाही तो बाळासाठी घेऊच नये, असे माझे मत आहे.

माझ्या मोठ्या नातीचे बारसे ऐन वैशाखात झाले. आहेरात आलेला जाळीचा गुलाबी फ्रॉक, कमरेला लवचिक पट्टी आणि गळ्याला जरीची किनार, तसाच घडी मोडून तिला घातला. संध्याकाळी गळ्याभोवती, काखेत आणि कमरेच्या पट्टीखाली लाल चट्टे उठले. बालरोगतज्ज्ञांनी कपड्याच्या आधी उन्हाला दोष दिला. त्यांनी सांगितले की जवळपास निम्म्या नवजात बाळांना पहिल्या दिवसांत आपोआप येणारे व आपोआप जाणारे पुरळ असते, त्यात 42 अंशांची घामोळी मिसळली की कशाचे काय ते ओळखणे अवघड होते. परंतु ज्या अर्थी चट्टे कपड्याच्या कडांनीच उठले आहेत, त्या अर्थी कपडा काढा आणि धुतल्याशिवाय घालू नका. घरी येऊन तो फ्रॉक मी पाण्यात टाकला तर पाणी गुलाबी झाले आणि रॉकेलसारखा वास सुटला. फ्रॉकच दोषी होता असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. ते पाणी पाहिल्यावर मात्र पुढच्या दोन नातवंडांच्या वेळी मला कोणाशी वाद घालावा लागला नाही.

नाही म्हणायला एक वाद झाला. बाळाच्या अंगाला पहिल्यांदा लागणारे नवे वस्त्र कोरेच असावे, धुतलेले वस्त्र आहेराचे राहत नाही, असे विहीणबाईंचे म्हणणे होते. पत्रलेखकानेही कोऱ्या कपड्याच्या या रिवाजाचा दाखला दिला आहे. पण रिवाजाचीच गोष्ट काढायची तर आपल्याकडच्या आज्या बारशापर्यंत बाळाला नवे घालतच नसत. जुन्या लुगड्याचे दुपटे, धोतराचे लंगोट आणि घरातल्याच मोठ्या भावंडाचे झबले चालत असे. शंभर वेळा धुऊन मऊ झालेले ते कापड होते, त्यात खळही नव्हती आणि सुटा रंगही नव्हता. विहीणबाईंनीच मग तोडगा काढला: आहेर आला की प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्याला हळदी-कुंकवाचे बोट लावायचे आणि मग तो धुवायला टाकायचा.

जुन्याचे हे कौतुक करताना एक गंभीर इशारा द्यावाच लागेल, आणि खरे तर या पत्राचा खटाटोप मी त्यासाठीच केला आहे. ते जुने कपडे हल्ली बहुधा पेटीच्या तळाशी डांबरगोळ्यांमध्ये ठेवलेले असतात. या गोळ्या पुष्कळदा नॅफ्थलीनच्या असतात. त्यांची वाफ कपड्यात मुरते, आणि तेच दुपटे बाळाभोवती गुंडाळले की कातडीतून व श्वासातून बाळाच्या अंगात जाते. काही बाळांच्या लाल रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असते. मुलग्यांत हे प्रमाण अधिक आढळते आणि एरवी ते कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा बाळाच्या रक्तपेशी नॅफ्थलीनमुळे फुटू लागतात, कावीळ झपाट्याने वाढते, आणि उपचाराला उशीर झाला तर ती मेंदूला इजा करते. डांबरगोळ्यांतल्या कपड्यांनी नवजात बाळे अशी आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात कित्येक दशकांपासून आहेत. म्हणून पेटीतले कपडे धुवून, दोन-तीन दिवस कडक उन्हात व वाऱ्यावर ठेवून वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत. वास जात नसेल तर ते बाळाला वापरूच नयेत; त्यांचे पायपुसणे करावे.

आता पाण्याचा हिशेब. दोन झबली, दोन टोपडी, तीन-चार लंगोट, एक दुपटे आणि मोज्यांचे जोड एवढे एका वेळी धुवायला किती पाणी लागते, हे मी घरी मोजून पाहिले. अर्धी बादली साबणासाठी आणि अर्धी-अर्धी बादली दोनदा खळबळण्यासाठी, म्हणजे दीड हंड्याच्या आसपास. तेही बाळ जन्मण्याआधी, सवडीने, टँकर येईल त्या दिवशी करता येते. मोरीतले पाणी शेवग्याच्या बुडाशी गेले की तेही वाया गेले असे मी मानत नाही.

यात साबणापेक्षा खळबळणे महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. पाठ्यपुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात ते हेच: त्यातल्या कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो, तो धाग्यांत अडकतो, आणि वाळल्यावर कपडा कडक होतो. म्हणजे फार साबण लावून थोड्या पाण्यात धुतलेला कपडा न धुतलेल्या कपड्याइतकाच बाळाला टोचू शकतो. सौम्य साबण, तोही अगदी थोडा. नीळ आणि सुवासिक द्रव नको. शेवटचे पाणी शक्य असेल तर नळाचे किंवा साठवलेल्या पावसाचे घ्यावे. ‘खास बाळांसाठी’ म्हणून विकली जाणारी महागडी द्रावणे न घेतल्याने बाळाचे काही बिघडत नाही.

खेड्यातल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या सल्ल्यांत कधी दिसत नाही. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे ज्या टोपल्यात किंवा दगडावर धुतले, तिथे बाळाचे कपडे धुऊ नयेत. दोन्हींची भांडी वेगळी ठेवावीत आणि वाळत घालायची दोरीही वेगळी असावी. गाजर गवत माजलेल्या कुंपणावर तर बाळाचा कपडा टाकूच नये, कारण त्या गवताने अनेकांच्या कातडीला खाज व फोड येतात, हे शेतात राबणाऱ्यांना सांगायला नको.

कपडा उलटा करून धुण्याने एक वेगळाच फायदा होतो. नव्या हातमोज्या-पायमोज्यांच्या आत सुटे धागे लोंबत असतात. असा एखादा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा तुटून बोट सुजते, काळे-निळे पडते, आणि बाळ का रडते ते कोणाला कळत नाही. उलटा करताना ते धागे दिसतात, कात्रीने कापता येतात. घडीत राहिलेली टाचणी आणि मानेला टोचणारी चिठ्ठीही तेव्हाच निघते. कपडा धुण्याइतकेच हे हाताने तपासणे मला महत्त्वाचे वाटते.

मात्र कोणी माझ्या पत्राचा आधार घेऊन ओलसर कपडा बाळाला घालू नये. आषाढ-श्रावणात कपडे वाळत नाहीत आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाला थंडी लवकर बाधते. अशा वेळी धुतलेले पण दमट झबले आणि न धुतलेले पण कोरडे झबले यांत मी दुसरे निवडीन.

हे सांगण्याची सोय आपल्या व्यवस्थेत आहे, म्हणून संबंधितांना दोन विनंत्या करते. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाच्या घरी आशाताईंच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. यांतल्या पहिल्या दोन बाराव्या दिवसाच्या बारशाआधी येतात. कपडे धुण्याबद्दल आणि विशेषतः डांबरगोळ्यांबद्दल दोन वाक्ये आशाताईंनी या भेटींत बोलावीत, एवढी सूचना आरोग्य विभागाने दिली तरी पुरे. दुसरी विनंती शासनाच्या बेबी केअर किट योजनेबाबत: त्यात बाळाचे कपडे व मोजे दिले जातात; त्या पिशवीवर ‘वापरण्यापूर्वी साध्या पाण्यात धुवा’ एवढी ओळ मोठ्या मराठी अक्षरांत छापायला फारसा खर्च येणार नाही.

राहता राहिले आहेर करणारे आपण सगळे. बारशाच्या दिवशीच झबले हातात ठेवायचे आणि ते तिथेच घालून फोटो काढायचा हट्ट धरायचा, यात बाळंतिणीला कपडा धुवायची सवड मिळत नाही. धाकट्या नातवाच्या वेळी मी जवळच्यांना निरोप धाडून आहेर आठव्या दिवशीच मागून घेतला होता. काही नातलग त्यावरून अजून बोलतात.

आपली,
एक सेवानिवृत्त विज्ञान शिक्षिका,
परभणी