अर्जातला एक रकाना आणि गांधीनगरच्या आज्या

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

कोल्हापूर दौऱ्यात आपली गाडी गांधीनगरवरून गेली असेल. लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडची माणसं तिथं जातात. त्या कापडबाजाराच्या जागी पूर्वी वळिवड्याची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरातून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथवर पोचली. ती गेली आणि फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींत उतरली.

पोलिश लोकांची आठवण कोल्हापूरच्या महावीर उद्यानातल्या स्तंभावर आहे. वॉर्सातही वळिवड्याचं स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं आदरांजली वाहिली. चांगलंच झालं. बराकीत नंतर आलेल्या बायकांचं मात्र कुठंच काही माझ्या पाहण्यात नाही. फाळणीच्या वेळी जी दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या दारात आहे. म्हणून घाईनं लिहितेय.

टॉवेल-चादरींच्या एका दुकानाच्या माडीवर आम्ही नाटकासाठी सहा सिंधी आज्यांना घेऊन बसतो. सुरुवातीला मी प्रत्येकीला एकेकटीला फाळणीबद्दल विचारायची. उत्तर एकच यायचं, ‘आमच्या घरी तसलं काही झालं नाही.’ रेकॉर्डर बंद करून चहा प्यायचा आणि उठायचं. मग एका दुपारी दोघींनी सहज लाडा, म्हणजे सिंधी लग्नगीतं, म्हणायला घेतली. टाळ्यांचा ठेका जमला. तिसऱ्या कडव्याला एका आजीनं चाल तीच ठेवली आणि शब्द बदलले. दाराला कुलूप, आईच्या कमरेला किल्ली, कराचीची बोट. बाकीच्यांनी ‘किल्ली’ हा शब्द वरच्यावर झेलला. पुढच्या कडव्यात स्टेशनवर सुटलेली बहीण आली. ती कुणाची, हे आम्ही अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

ही युक्ती आमची नव्हे. २०१३ मध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरात सीरियातून परागंदा झालेल्या बायकांनी ग्रीक नाटककार युरिपिडीसचं ‘ट्रोजन विमेन’ केलं. इ.स.पू. ४१५ चं ते नाटक, हरलेल्या शहरातल्या बायकांचं. त्यात त्यांनी आपलं घर, आपली माणसं मिसळली. घरच्यांच्या दबावामुळं, भीतीमुळं काहीजणींना मध्येच सोडावं लागलं. २०२३ मध्ये वॉर्सात मार्ता गुर्नित्स्का या दिग्दर्शिकेनं युक्रेन, बेलारूस आणि पोलंडच्या २१ बायकांचा समूह उभा केला. युद्धातून पळालेल्या आणि त्यांना आसरा देणाऱ्या, दोघी एकाच रांगेत.

आपल्या पोवाड्यात शाहिरामागं सूर धरणारे झीलकरी असतात. आमच्या माडीवर शाहीर कुणीच नाही, सगळ्या झीलकरीच. म्हणून तर बोलतात.

आता तक्रार. अनुदानाची चौकशी करायला एका कार्यालयात गेले. अर्जात संहितालेखकाच्या नावाचा एकच रकाना. तिथले साहेब म्हणाले, ‘बाई, टाका की कुणा एकाचं, काय फरक पडतोय?’ पडतो. नाव टाकलं की ती स्टेशनवरची बहीण एका घरची होते. असं आमच्याकडं एकदा झालंय. नुसती कुजबुज झाली आणि दुसऱ्या दिवशी नातू येऊन आजीला जिन्यावरून उतरवून घेऊन गेला. सातवी आजी परत आली नाही.

तर साहेब, त्या रकान्यात ‘सामूहिक’ लिहिलेलं चालेल असं एक परिपत्रक काढा. मानधन समूहाला एकत्र द्या, वाटणी त्या करतील. दुसरं, सिंधी वाचणारं एक माणूस हवं. एका आजीची वही अरबी वळणाच्या लिपीत आहे आणि तिच्या घरात ती आता कुणालाच वाचता येत नाही. आजी वाचून दाखवते, पण डोळे साथ देत नाहीत. ते लिप्यंतर तिच्या हयातीत व्हावं.

तिसरं केशवराव भोसले नाट्यगृहाचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना आम्ही रस्त्यावर उभं राहून रडलो. संगीतसूर्य केशवरावांची जयंती दुसऱ्या दिवशीच होती. नाट्यगृह पुन्हा सुरू झालं की शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या रंगमंचावरची एक संध्याकाळ या सहाजणींना भाड्याविना द्या. माईक नकोत, खुर्च्या द्या, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.

तालमीला यायचं झालं तर दुपारी तीननंतर या, तोवर त्या झोपून उठलेल्या असतात. फोटोग्राफर आणू नये. जिना अरुंद आहे, वर एका वेळी एकच माणूस चढतं, आणि चपला खाली दुकानात काढाव्या लागतात.

आपली,
कोल्हापूरची एक नाटकवाली