काट्याला सील, कम्प्युटर मात्र मोकळाच

संपादक साहेब, नमस्कार.

कापसाचा सीझन लागला, जिनिंगसमोर ट्रॅक्टरच्या लाइनी लागल्या, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. आमच्याकडच्या एका जिनिंगच्या धर्मकाट्यावर लिनक्सचा (विंडोजसारखीच एक सिस्टिम) कम्प्युटर आहे, चांगलं आहे, पण रूटचा, म्हणजे कम्प्युटरवर काहीही करू शकणाऱ्या मालक खात्याचा पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेला, ऑपरेटर, मुनीम, रात्रीचा चौकीदार सगळेच रूट! काहून म्हटलं त म्हणे रूटशिवाय वजनच येत नाही.

असं काही नसते. वजन इंडिकेटरमधून, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या डब्यातून, सिरियल केबलनं येते अन् लिनक्समध्ये त्या पोर्टची टीटीवाययूएसबी झिरो नावाची फाइल बनते. डेबियन, उबंटू या लिनक्सच्या प्रकारांत तिचा मालक रूट, ग्रुप डायलआउट, परवानगी ६६०, म्हणजे मालक अन् ग्रुपला वाचता-लिहिता येते, बाकीच्यांना बंद. ऑपरेटरला युजरमॉड कमांडनं त्या ग्रुपात टाकलं की काम झालं, फक्त मोठ्या जी सोबत छोटा ए द्या नाहीतर त्याचे आधीचे ग्रुप उडतात, अन् एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करा, तोवर काही फरक दिसत नाही अन् इथंच लोक वैतागून रूटवर जातात.

दुसरा जुगाड म्हणजे सीएचमोड ६६६, म्हणजे त्या फाइलची परवानगी सगळ्यांनाच खुली करायची कमांड. केबल काढून लावली की फाइल नव्यानं बनते अन् यूडेव्ह, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या परवानग्या लावणारा लिनक्सचा प्रोग्राम, परवानगी पुन्हा जुनीच लावते, मग एखादा हुशार पोट्टा ६६६ यूडेव्हच्या रूलमध्येच लिहून ठेवते. मग कोणाचाही प्रोग्राम पोर्ट वाचू शकते, अन् दोन प्रोग्राम एकदम वाचायला बसले की अर्धे आकडे याला, अर्धे त्याला, स्क्रीनवर वजन भलतंच. रूल लिहायचाच त केबलच्या यूएसबी अडॅप्टरचा व्हेंडर अन् प्रॉडक्ट आयडी (कंपनीचा अन् मालाचा नंबर) टाकून लिहा, ६६० ठेवा अन् सिमलिंकनं, म्हणजे फाइलच्या दुसऱ्या नावानं, 'काटा' असं पक्कं नाव द्या, उद्या दुसरी केबल आधी लागून झिरोचा वन झाला तरी सॉफ्टवेअर चुकत नाही.

पेनड्राइव्हसाठी डिस्क ग्रुप देणारेही आहेत, तो दिला की अख्खी हार्डडिस्क कच्ची, म्हणजे फाइलींच्या परवानग्या बाजूला सारून, वाचता-लिहिता येते, म्हणजे मागच्या दारानं रूटच.

वैधमापन विभागाचे लोक दरवर्षी काटा तपासून शिक्का मारतात. पण आमच्या हातात पावती पडते ती कम्प्युटरमधून, अन् रूट असलेला माणूस जुनी नोंदही बदलू शकते, कोणी काय केलं याची कम्प्युटरमधली नोंद, म्हणजे लॉगही पुसू शकते. कोणी केलं असं मी म्हणत नाही. तपासणीला याल तेव्हा ऑपरेटर कोणत्या लॉगिननं बसला अन् पोर्टची परवानगी काय एवढं तरी पाहा, दोन कमांडचं काम आहे, अन् बाजार समितीनंही तो चिकटवलेला पासवर्ड सीझन संपायच्या आधी काढायला लावावा.

एक कापूसवाला, ता. दारव्हा, जि. यवतमाळ