पलीकडच्या डगआउटमधल्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. चौदा वर्षांखालील मुलांच्या त्या बेसबॉलच्या सामन्यात तुमच्या संघाविरुद्ध डाव्या हाताने पिचिंग करणारा, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, बारा वर्षांचा मुलगा तुम्हाला आठवत असेल. त्याची मी आई. तुमचा फोन नंबर मिळवून दोन शब्द बोलता आले असते, पण हे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत. त्या दिवशी तुमच्याबद्दल जे बोललं गेलं तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात बोललं गेलं, आणि आमच्याकडच्या काही पालकांच्या तोंडी ते अजूनही आहे.

हे पत्र वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी नागपुरात बेसबॉल पाहिलाच नसेल, म्हणून थोडं सांगते. रेशीमबागेच्या मैदानावर सकाळी क्रिकेटचे अनेक डाव एकमेकांत घुसलेले असतात. त्यांच्या कडेला जागा धरून आमची मुलं फक्कीने डायमंड आखतात, म्हणजे धाव घेताना गाठायच्या चार बेसचा चौकोन. ग्लोव्ह सगळ्यांना पुरत नाहीत. त्यामुळे सामन्यात इनिंग बदलली की मैदानातली मुलं आपापला ग्लोव्ह जागेवरच ठेवून येतात आणि समोरच्या संघातली मुलं तोच घालून उभी राहतात. हेल्मेटचंही तसंच. माझा मुलगा डावरा असल्यामुळे त्याचा ग्लोव्ह उजव्या हातात जातो, तो तेवढा दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसतो.

एकमेकांचे ग्लोव्ह घालून खेळणाऱ्या या मुलांचे आईबाप कडेला उभे राहून एवढे चवताळतात, त्यामागचं कारण मला कळतं. जिल्हा जिंकला की विभाग, विभागानंतर राज्य. पुढे दहावीचे क्रीडागुण, आणि त्याही पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेलं ५ टक्के आरक्षण. महिन्याचा हिशेब जुळवताना शिकवणीची फी कुठून आणायची हे बघावं लागतं, अशा घरात एका प्रमाणपत्राचं मोल फार असतं. त्या पालकांना मी नावं ठेवणार नाही. पण या सगळ्या हिशेबाचा भार शेवटी कुणाच्या तरी कोपरावर येतो, आणि त्या दिवशी तो माझ्या मुलाच्या कोपरावर आला होता.

तो चांगलं टाकत होता. आमच्या संघात दुसरा पिचर नावालाच होता, म्हणून पहिल्या इनिंगपासून हाच. आमचे सर एकटेच. गुण लिहायचे, बॅटिंगचा क्रम बघायचा, पाणी द्यायचं, मुलांची भांडणं सोडवायची. किती चेंडू टाकले ते कोण मोजणार? मी दोरीपलीकडून बघत होते. प्रत्येक चेंडूनंतर तो हात झटकत होता. घाम पुसत असेल असं सगळ्यांना वाटत होतं.

तेवढ्यात तुम्ही अंपायरकडे टाइम मागितला आणि मैदान ओलांडून आमच्या सरांकडे आलात. तुमच्या दोन्ही हातांच्या बोटांत मंदिराबाहेर मिळतात ते जपाचे काउंटर होते. आधी मला वाटलं, देवभक्त गृहस्थ आहेत. नंतर कळलं की एकावर तुम्ही तुमच्या पिचरचे चेंडू मोजत होता आणि दुसऱ्यावर आमच्या. तुमचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण मी अगदी जवळ उभी होते. "सर, तुमच्या पोराचे ऐंशी झाले. कोपर खाली येऊन राहिलं त्याचं. बघा एकदा."

एवढंच बोललात. आवाज चढवला नाही, नियमांचं पुस्तक काढलं नाही.

आमच्या बाजूने लगेच सुरू झालं. "पिचर चालून राहिला तर पोटात दुखून राहिलं यांच्या!" कुणी म्हणालं, हा डाव आहे. कुणी म्हणालं, आमच्या पोराची काळजी आम्ही करू, तुमचं तुम्ही पाहा. आणि सर, मला हे मान्य करायला हवं की बाहेरून बघणाऱ्याला ते डावासारखंच दिसत होतं. समोरचा प्रशिक्षक येतो आणि सांगतो की तुमचा चालणारा पिचर काढा. यावर पटकन विश्वास कोण ठेवणार?

तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. आमच्या सरांपुढे दोन्ही काउंटर धरलेत आणि म्हणालात, "माझ्या पोराचे चौसष्ट झाले. तो अजून टाकू शकतो. पण मीही काढतो त्याला. मग तर झालं?" आणि खरंच काढलंत. तुमचा तो उंच मुलगा, ज्याचा चेंडू आमच्या मुलांना दिसतही नव्हता, मान खाली घालून लेफ्ट फील्डला, लांब कडेला क्षेत्ररक्षण करायला गेला. त्याच्या वडिलांचा चेहरा मी पाहिला. तुम्हाला परत गेल्यावर तिकडेही ऐकून घ्यावं लागणार होतं.

जाता जाता तुम्ही आमच्या सरांना आणखी एक सुचवलंत, ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं. याला बाहेर बसवू नका, हिरमुसेल; फर्स्ट बेसला उभा करा, डावऱ्याला ती जागा सोपी जाते; कॅचर मात्र करू नका, कारण फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो. नंतर समजून घेतलं. फर्स्ट बेसवरच्या डावऱ्या मुलाचा ग्लोव्ह मैदानाच्या बाजूला असतो आणि दुसऱ्या बेसकडे फेकायला त्याला अंग वळवावं लागत नाही. स्वतःचा संघ हरायची शक्यता असताना समोरच्या संघातल्या मुलाचं मन मोडू नये म्हणून त्याला जागा शोधून देणारा प्रशिक्षक मी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही धंतोलीत हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. कोपराच्या आतल्या बाजूला सूज होती. या वयात तिथलं हाड पूर्ण जुळलेलं नसतं, मध्ये कूर्चेची मऊ पट्टी असते, ग्रोथ प्लेट म्हणतात ती. जोरात चेंडू फेकताना स्नायू आणि लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे बंध, नेमके तिथेच खेचतात. मोठ्या माणसाचं लिगामेंट दुखावतं, मुलाची ही पट्टीच हाडापासून सुटू लागते. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, आता काही आठवडे फेकणं बंद, मग हळूहळू. दुखत असतानाही तो आणखी दोन-तीन सामने असाच टाकत राहिला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते इथे लिहायची माझी इच्छा नाही.

मग मी वाचत सुटले. अमेरिकेत लिटल लीग ही लहान मुलांच्या बेसबॉलची संघटना १९३९ पासून आहे. तिच्या नियमांत अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकता येतात, नऊ-दहा वर्षांच्याला ७५. आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. आता मला कळलं की तुम्ही ऐंशीला का उठलात, आणि चौसष्टवर असलेला तुमचा पिचर अजून टाकू शकतो असं का म्हणालात. व्यावसायिक पिचरच्या कोपरातल्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा बंध, बसवायची पहिली शस्त्रक्रिया १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर केली. तो परत खेळला, म्हणून त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. आता तिथे शाळकरी मुलांवरही ती करावी लागते हे वाचून मी फोन बाजूला ठेवला.

सामना आम्ही दोन धावांनी हरलो. त्यामुळे आमच्याकडे अजून म्हटलं जातं की त्यांनी हुशारीने आपला पिचर काढायला लावला. त्यांना माझं एवढंच विचारणं आहे की मग त्यांनी त्यांचाही का काढला? बदली आलेल्या त्यांच्या मुलाने चेंडू नीट न टाकता आल्यामुळे आमच्या चार जणांना फुकट बेस दिला, तेव्हा तर आपण टाळ्या वाजवत होतो.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे राहतील, म्हणून तीही लिहिते. शेवटच्या इनिंगमध्ये फर्स्ट बेसवर आमच्या मुलाला सेफ, म्हणजे नाबाद, दिलं. मी ज्या कोनातून पाहिलं तिथून तो आउट वाटला होता. तुमच्या बाजूचे पालक उसळले. अंपायर म्हणजे कॉलेजातला पोरगा, मिशी नुकती फुटलेली. त्याला कुणी विचारलं, "किती घेतले?" मला वाटलं आता तुम्ही त्याच्याकडे धावाल. तुम्ही उलट दिशेला गेलात, तुमच्याच पालकांकडे. "हा पोरगा सकाळपासून उन्हात उभा आहे. उद्या तो आला नाही तर तुमच्यापैकी कोण उभं राहणार?" कुणी उत्तर दिलं नाही. तुम्ही परत येऊन मुलांना टाळ्या वाजवत म्हणालात, "चला, पुढचा आउट काढू."

सामन्यानंतर तुम्ही दोन्ही संघांना एकत्र बसवून गोष्ट सांगितलीत, ती माझा मुलगा घरी आल्यापासून सांगतो आहे. २ जून २०१० रोजी अमेरिकेतल्या डेट्रॉइट संघाच्या अर्मांडो गलारागा या पिचरने एकामागून एक २६ जणांना आउट केलं होतं. आणखी एक आउट मिळाला की परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोहोचू न देता संपवलेला सामना. तोवरच्या शंभराहून जास्त वर्षांत मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक स्पर्धेत, असे फक्त २० सामने झाले होते. सत्ताविसावा फलंदाज फर्स्ट बेसवर आउट होता, पण अंपायर जिम जॉइस यांनी सेफ दिलं. गलारागा हसला आणि पुढचा चेंडू टाकायला परत गेला. जॉइस यांनी नंतर चित्रफीत पाहिली, चूक कबूल केली आणि त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी होम प्लेटवर, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथे, अंपायरच्या हातात द्यायला गलारागाच गेला. जॉइस डोळे पुसत होते. निर्णय काही बदलला नाही.

माझ्या मुलाने मला विचारलं, "आई, त्याला राग नसेल आला?" मी म्हटलं, आला असेल. याहून जास्त मला सांगता आलं नाही. पण हा प्रश्न त्याला पडला, तो तुमच्यामुळे. आमच्याकडून तो गेल्या वर्षभरात अंपायरला काय काय म्हणायचं असतं तेच ऐकत आला होता.

आता आमच्याकडचं थोडं. आमच्या सरांनी तुमच्यासारखे दोन काउंटर आणले आहेत. चेंडू मोजायचं काम पालकांनी आळीपाळीने करायचं ठरलं आहे. पहिल्या दिवशी हे काम ज्यांच्याकडे आलं ते त्या सामन्यात सर्वांत मोठ्याने ओरडलेले काका होते. ते सगळा वेळ गप्प होते, कारण ओरडलं की मोजणी चुकते. आणखी दोन मुलं पिचिंग शिकत आहेत. माझा मुलगा अजून फेकत नाही. तो फर्स्ट बेसला उभा राहून चेंडू झेलायचा सराव करतो आणि आलेला चेंडू बादलीत टाकतो. परवा म्हणत होता, ही जागाच मला जास्त आवडते. हे बदलेलही, बारा वर्षांचा आहे.

तुमच्या त्या उंच मुलाला माझा निरोप द्याल? त्या दिवशी लेफ्ट फील्डला जाताना तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या आईवडिलांना भेटून मला नमस्कार करायचा आहे, कारण तुम्ही दाखवलेल्या मोठेपणाची किंमत त्याने आणि त्यांनीही मोजली.

आमचे सर म्हणतात, पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी रेशीमबागेत दोन्ही संघांचा सराव सामना ठेवू. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. अंपायर म्हणून त्याच कॉलेजच्या मुलाला बोलावणार आहोत, तो हो म्हणाला आहे. तर्री-पोहे आणि चहा आमच्याकडून, तुमच्या पालकांसकट सगळ्यांना. हेल्मेट आमच्याकडे चारच आहेत, तुमची घेऊन या. आणि तुमच्या संघात कुणी डावरा असेल तर त्यालाही सांगा, या वेळी उजव्या हातात जाणारा ग्लोव्ह आहे.

आपली,
फर्स्ट बेसवरच्या डावऱ्या मुलाची आई
नागपूर