पाचोळ्यात कोसा आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला पेपर मी ओहायोत मुलाकडे राहून रोज फोनवर वाचते. इथली बरीच मराठी घरे तो वाचतात, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात अंगणातल्या ओकचा पाचोळा आम्ही पिशव्यांत भरत होतो. एक गुंडाळलेले पान हाताला जड लागले. उलगडले तर आत कोसा, म्हणजे रेशमाच्या अळीचा कोश! मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीची. वडील ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या जोपासायचे, पाखरे हाकायला आम्ही पोरं दिवसभर रानात असायचो. कोसा मी डोळे मिटूनही ओळखते. हा पॉलिफेमस या इथल्या रानटी रेशीम-पतंगाचा होता. शास्त्रीय नावातला पहिला शब्द, अँथेरिया, त्याचा आणि टसरचा एकच.

पण टसरचा कोसा देठाने फांदीला घट्ट बांधलेला असतो. याला तसा देठ नसतो. बहुतेक कोसे पानाबरोबर खाली येतात आणि पिशवीत जातात. भरलेल्या चारही पिशव्या मी पुन्हा उपसल्या. आणखी दोन सापडले.

जाळीच्या पेटीत ते हिवाळाभर बाहेरच ठेवले, कारण घराच्या उबेत ते अवेळी फुटू शकतात. जूनमध्ये एका दुपारी कोशाचे टोक ओले झाले. रेशमाचा डिंक सैल करणारा रस सोडून मादी बाहेर आली. पंख वीतभर, खालच्या पंखांवर मोरपिसासारखे डोळे. तिला खाता येत नाही. अळी असताना खाल्लेल्यावर जेमतेम आठवडाभर जगायचे. रात्री तिच्या गंधावर पिसासारख्या मिशांचा नर आला. दुसऱ्या संध्याकाळी पेटी उघडली, ती ओककडे उडाली.

याच पॉलिफेमसच्या अळ्या १८६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला फ्रेंच चित्रकार लिओपोल्ड त्रुव्हेलो यांनी रेशमासाठी पाळल्या होत्या. त्यांनीच युरोपातून आणलेला दुसरा एक पतंग निसटला आणि जंगलांची पाने फस्त करू लागला. त्याच्या बंदोबस्तासाठी १९०६ साली परदेशी माशी सोडली गेली. ती पॉलिफेमसच्या अळ्यांतही वाढते आणि त्यांना मारते. निदान पाचोळ्यातले कोसे तरी आपण वाचवू शकतो.

माझी कळकळीची विनंती आहे: पाने झाडाखालीच ओढून ठेवा, त्यांवर गवत कापायचे मशीन फिरवू नका. उन्हाळ्यात रात्री ओसरीचा दिवा बंद ठेवा, नर त्याभोवतीच घिरट्या घालत राहतात. सून सुरुवातीला शेजारी काय म्हणतील म्हणून कचरत होती. या शनिवारी तिने स्वतः कुंपणापाशी ढीग लावला.

आपली,
आरमोरीची एक निवृत्त शिक्षिका
(सध्या ओहायो, अमेरिका)